बॅटरी बदलल्याचे बिल दिले, प्रत्यक्षात वायर ‘डायरेक्ट’ केली

ज्यांच्या गाडीत मुख्य बॅटरीखेरीज दुसरी, छोटी सहायक बॅटरी आहे आणि ती कोणा गॅरेजवाल्याने अलीकडे ‘बदलून’ दिली आहे, त्यांनी ती आजच स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी. माझ्याकडून या कामाचे २८,९१० रुपये घेण्यात आले आणि बॅटरी बदललेलीच नव्हती. जुनी, निकामी बॅटरी जागेवर तशीच ठेवून तिच्यावरची वायर काढली होती आणि एका तुकड्याने ती मुख्य बॅटरीच्या लाइनवर जोडून दिली होती. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर काम ‘डायरेक्ट’ केले होते. डॅशबोर्डवरची पिवळी सूचना गेली, मी पैसे दिले, आभारही मानले.

हे लिहिताना मला लाज वाटते, आणि तिचे कारण निव्वळ पैसे हे नाही. मी व्यवसायाने करसल्लागार आहे. दुकानदारांची आणि छोट्या कारखानदारांची बिले तपासून जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ही फसवणूक त्या बिलावर स्पष्ट छापलेली होती.

गाडी २०१८ सालची, जर्मन बनावटीची डिझेल सेडान. मी ती २०२२ मध्ये वापरलेली म्हणून घेतली. जानेवारी २०२५ मध्ये पडद्यावर सहायक बॅटरीत बिघाड असल्याची सूचना येऊ लागली. अधिकृत सेवा केंद्रात लवकरची वेळ मिळत नव्हती आणि मला कामासाठी गाडी रोज लागते, म्हणून परिचिताने सुचवलेल्या, महागड्या परदेशी गाड्यांचेच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये मी गेलो. तिथे गाडीला स्कॅनर लावण्यात आला, मुख्य बॅटरी उत्तम असल्याचे आणि सहायक बॅटरी पूर्ण गेल्याचे सांगण्यात आले. संध्याकाळी गाडी तयार होती. ‘सहायक बॅटरी, बसवणी व कोडिंग’ असे २४,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,४१० रुपये. स्कॅनिंगचे १,५०० आणि त्यावर २७० रुपये. एकूण ३०,६८० रुपये मी यूपीआयने दिले. रोख दिले नाहीत, एवढी एक गोष्ट नीट झाली.

आता ते बिल पाहा. शिसे-आम्ल बॅटरीवर, आणि अशा गाड्यांतली एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) ही त्याच जातीची, त्या वेळी २८ टक्के जीएसटी होता. माझ्या बिलावर बॅटरीसकट सगळ्या रकमेला १८ टक्के लावलेला होता. बॅटरी विकली असेल तर बिलावर तिचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड, ८५०७ पाहिजे. माझ्या बिलावर दोन्ही ओळींपुढे ९९८७ होता, म्हणजे देखभाल आणि दुरुस्तीची सेवा. थोडक्यात, त्या माणसाने बॅटरी विकलीच नाही आणि हिशेबातही ती विकल्याचे दाखवले नाही, कारण विक्री दाखवायची तर तिची खरेदीही दाखवावी लागली असती. अशी विसंगती एखाद्या अशिलाच्या वहीत आढळली असती तर मी त्याला समोर बसवून चार शब्द सुनावले असते. मात्र गॅरेजच्या काउंटरवर, मागे दोन गाड्यांचे हॉर्न वाजत असताना आणि मालक ‘सर, बिनधास्त राहा, आता पाच वर्षं बघायला नको’ असे म्हणत किल्ली पुढे करत असताना कोणता माणूस बिलावरचे कोड वाचतो? मी एकूण रक्कम पाहिली, बेरीज बरोबर होती.

(२२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्याही १८ टक्क्यांत आल्या आहेत, त्यामुळे दराची खूण आता उपयोगाची नाही. क्रमांकाची खूण मात्र कायम आहे: बॅटरीची ओळ वेगळी आणि तिच्यापुढे ८५०७. गॅरेजवाला ‘सगळं एकत्रच लावतो’ म्हणाला तर पैसे देण्यापूर्वी बिल बदलून घ्या.)

दुसरी खूण याहून ढळढळीत होती आणि तिचा विचार आला की आजही माझा संताप होतो. स्कूटरची बॅटरी बदलतानासुद्धा जुनी बॅटरी परत दिल्याची रक्कम वजा होते, कारण शिशाला भंगारात भाव आहे. माझ्या बिलात अशी वजावट नव्हती. मी विचारलेही होते, ‘जुनी बॅटरी कुठे आहे?’ त्यावर ‘ती कंपनीला परत जाते, सर’ हे उत्तर मिळाले आणि मी ते ऐकून घेतले. जुनी बॅटरी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नव्या बॅटरीचे वॉरंटी कार्ड मागा आणि त्यावरचा अनुक्रमांक बॅटरीवरच्या क्रमांकाशी जुळवा; ‘कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवतो’ या वाक्याला काही अर्थ नसतो.

नंतर सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिन आपोआप बंद होणे थांबले. मी फोन केला तेव्हा ‘नवीन बॅटरी आहे, सिस्टिमला शिकायला वेळ लागतो’ असे सांगण्यात आले. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांना असा वेळ लागतो हे खरे आहे, आणि एसीवर जास्त भार असला की स्टार्ट-स्टॉप चालत नाही हेही खरे आहे. म्हणून थाप पटली. शिवाय शहरातल्या गर्दीत मी ते बटण स्वतःच बंद ठेवत असे. वास्तविक त्यांनी ती सोय स्कॅनरमधूनच बंद करून टाकली होती, कारण एका बॅटरीवर ती चालवली असती तर पहिल्याच आठवड्यात पितळ उघडे पडले असते.

पितळ उघडे पडले ते पावसाळ्यात, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात. वाहतूक खोळंबली होती, म्हणून मी इंजिन बंद केले. दिवे, वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा पंखा चालू होता. पुन्हा बटण दाबले तेव्हा पडदा काळा पडला, स्टार्टर एकदा कण्हला आणि गाडी मेली. इंजिन चालू होताना स्टार्टर प्रचंड विद्युतप्रवाह ओढतो, त्या क्षणी मुख्य बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळतो, आणि अशा गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सला तेवढा वेळ आधार द्यायला सहायक बॅटरी असते. माझ्या गाडीत आधार द्यायला एक वायर होती. स्वयंचलित गिअरची गाडी ढकलून चालू होत नाही. तेव्हा क्रेनचे ४,२०० रुपये देऊन ती साताऱ्याला न्यावी लागली.

तिथल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने चालकाशेजारच्या सीटपुढची पायघडी उचलली, फोमचा ठोकळा बाजूला केला आणि मला वाकून बघायला सांगितले. बॅटरी कापडाने पुसून स्वच्छ केलेली होती, टर्मिनलला ताजे पांढरे ग्रीस होते, वरचे लेबल खरवडून काढलेले होते. पण प्लास्टिकच्या कडेवर ठोकलेले २०१८ हे साल मात्र कोणाला खरवडता आले नव्हते. धन टर्मिनल मोकळे होते. त्यावरून काढलेली जाड वायर एका लाल वायरीच्या तुकड्याला पिळून, काळी टेप गुंडाळून जोडली होती. मध्ये फ्यूज नव्हता. तो तुकडा जिथे पत्र्याच्या कडेवरून वळला होता तिथे आवरण घासून विरले होते आणि आतले तांबे दिसत होते. मुख्य बॅटरीला जोडलेली उघडी तार बॉडीच्या पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला तर काय होते हे मी सांगायला नको. ती माझ्या पत्नीच्या पायाखाली होती.

‘साहेब, ही नुसती शोभेला ठेवलीय,’ असे म्हणत त्याने मीटर लावला. सुट्या केलेल्या त्या बॅटरीचा दाब १०.४ व्होल्ट होता. धडधाकट एजीएम बॅटरी विसाव्यात साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सहापैकी एक सेल गेला की सुमारे दोन व्होल्ट कमी होतात, हे गणित त्यानेच मला समजावले. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. बॅटरी डायरेक्ट केलेली असेल तर सहायक बॅटरीकडे येणाऱ्या वायरीवर मीटर लावून काही कळत नाही, कारण तिथे मुख्य बॅटरीचाच दाब दिसतो आणि गाडीच्या यंत्रणेचीही तशीच फसगत होते. वायर सोडवून प्रत्यक्ष बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावायला सांगा.

मुख्य बॅटरीही गेली होती. तिथे मी नवी मुख्य बॅटरी २२,४०० रुपयांना, सहायक बॅटरी ११,२०० रुपयांना घेतली, मजुरी करासह १,७७० रुपये झाली. सगळे मिळून ७०,२५० रुपये गेले. त्यांपैकी सहायक बॅटरीचे आणि तिच्या मजुरीचे १२,९७० रुपये मला कधीतरी लागणारच होते, उरलेले ५७,२८० रुपये मी त्या गॅरेजच्या खात्यावर लावतो. मुख्य बॅटरी जुनी होती, ती गेलीच असती, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. ती उत्तम असल्याचे सांगण्याचे १,७७० रुपये त्याच गॅरेजने घेतले होते.

डायरेक्ट करणे ही मुळात लबाडी नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आडरस्त्याला अडकलेली गाडी घरी आणण्यासाठी जाणकार माणूस फ्यूज घालून, मालकाला सांगून असे करतो आणि त्याचे दोनशे-पाचशे रुपये घेतो. न सांगता करणे आणि बॅटरीचे पैसे घेणे, ही चोरी आहे.

आता सरकारी दारांविषयी. पोलीस ठाण्यात मला प्रथम सांगण्यात आले की गॅरेज शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत येते. शेजारच्या ठाण्यात सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, पावतीही आहे, तेव्हा हे दिवाणी प्रकरण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता घ्यावी लागते, आणि फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, हे मी कागद पुढे ठेवून सांगितले. त्यावर अंमलदारांनी मला ‘तुम्ही वकील आहात का?’ असे विचारले. शेवटी साध्या अर्जावर पोहोचेचा शिक्का मिळाला. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने तक्रार पाठवता येते. मी पाठवली, आणि ती फिरून ज्या टेबलावरून नकार मिळाला होता त्याच टेबलावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ आली.

परिवहन कार्यालयात कळले की गाडीच्या कागदपत्रांत दोष असेल तरच तिथे यायचे. गॅरेजवाला गाडीत उघडी तार सोडतो, हा त्यांचा विषय नाही. कर कार्यालयात, जिथे मला लोक नावाने ओळखतात, तिथल्या अधिकाऱ्याने बिल निरखून पाहिले आणि विचारले, ‘तुम्हाला तर दहा टक्के कर कमीच लागला, मग तुमची तक्रार काय?’ एका माणसाने न घेतलेली बॅटरी विकल्याचे भासवले, ती विक्री म्हणून नोंदवलीही नाही, आणि त्याची चौकशी कोणी करायची हे राज्यातल्या एकाही खिडकीवर लिहिलेले नाही. ऑनलाइन केलेली तक्रार कोणाचाही फोन न येता ‘निकाली’ निघाली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर नोंद करा, नोंदणी क्रमांक पुढे उपयोगी पडतो. पण ती सक्ती करू शकत नाही हे मनाशी धरा.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. कायद्यात तीन महिन्यांत, वस्तूची चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तारीख मिळते, समोरची बाजू मुदत मागते, पुन्हा तारीख मिळते.

दरम्यान गॅरेजच्या मालकाने मध्यस्थामार्फत १०,००० रुपये देऊ केले. मी नाकारल्यावर त्याने लेखी उत्तर दिले की बॅटरी त्याने नवीच बसवली होती आणि मीच ती नंतर काढून विकून जुनी ठेवली असावी. साताऱ्याच्या इलेक्ट्रिशियनने ठोकळा उचलण्यापासून सगळे माझ्या फोनवर चित्रित झाले आहे, म्हणून मी अजून उभा आहे. तेही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडल्यावरच पुराव्यात आले. पण त्या चित्रणाने बॅटरी जुनी होती एवढेच सिद्ध होते, गाडी ताब्यात घेतली त्या संध्याकाळी ती जुनी होती हे सिद्ध होत नाही, आणि त्याचा वकील नेमके तेवढेच धरून बसला आहे. गाडी गॅरेजमधून बाहेर काढण्यापूर्वी, मालक शेजारी उभा असताना, ठोकळा उचलून बॅटरीवरचे साल आणि अनुक्रमांक यांचा फोटो काढा, आणि तो तिथल्या तिथे त्याच्याच नंबरवर पाठवा.