गाडी गरम झाली की रुसायची, आणि त्यात माझे २१ हजार गेले

मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासतो, व्हाउचरवर एक सही कमी असली तरी परत पाठवतो, आणि मलाच एका गॅरेजवाल्याने चार महिने कच्च्या चिठ्ठ्यांवर फिरवलं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, रोज ऐकून घेतो. आता इथे पण सांगतो, कारण मागच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या गाडीला अगदी तोच आजार लागला आणि तो त्याच गॅरेजात निघाला होता. गॅरेजचं नाव लिहीत नाही, गाडीच्या कंपनीचं पण नाही, तिची यात काही चूक नाही.

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी हाफ सेल्फमध्ये चालू. फोंड्याहून पणजी, साधारण तीस किलोमीटर, काही तक्रार नाही. एप्रिलमध्ये एकदा घरी येताना म्हार्दोळला फुलं घ्यायला थांबलो, पाच-सात मिनिटं फक्त, परत येऊन चावी फिरवली तर सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडतच नाही. वीस-पंचवीस मिनिटं घाम पुसत बसलो, मग एकदम चालू, जणू काही झालंच नाही. नंतर पेट्रोल पंपावर झालं, मागे लाइन, लोक हॉर्न मारतायत, पंपावरच्या पोरांनी ढकलून बाजूला लावली. मग मासळी मार्केटबाहेर. बायको इसवणाची पिशवी घेऊन उन्हात उभी आणि मी बॉनेट उघडून आत बघतोय, काय बघतोय ते मला पण माहीत नाही.

गॅरेजवाला गोड बोलणारा. 'पात्रांव (म्हणजे मालक), बॅटरी डाऊन' म्हणाला. नवीन बॅटरी ५,२०० रुपये. चार दिवस ठीक गेले (मी त्या चार दिवसांत वाटेत कुठे थांबलोच नव्हतो हे नंतर लक्षात आलं), पाचव्या दिवशी परत तेच. मग प्लग आणि कॉइल, ३,८००. मग सेल्फ खोलून ओव्हरहॉलिंग, ३,५००. मग शेवटी 'पात्रांव, तुमचो पंप गेला', म्हणजे टाकीतला फ्युएल पंप, ८,५००. करा बेरीज, बरोबर २१,०००. एकाही कामाचं पक्कं बिल नाही, 'बिल पाहिजे तर जीएसटी लागेल' म्हणायचा आणि मी वाचवायला गेलो.

आता त्याची खरी ट्रिक ऐका, मला ती फार उशिरा कळली. दर वेळी म्हणायचा गाडी संध्याकाळी ठेवा, सकाळी या. सकाळी गेलो की माझ्यासमोर चावी फिरवणार, गाडी टुर्रकन चालू, 'बघा, घोड्यासारखी झाली'. अरे, थंड गाडी चालू व्हायचीच होती! माझी तक्रार गरम गाडीची. रात्रभर उभी राहिलेली गाडी दाखवून तो काहीही बदललं म्हणून सांगू शकत होता आणि सांगत होता. चार महिन्यांत एकदाही त्याने गाडी माझ्यासमोर बंद पडलेली बघितली नाही, बघायची इच्छाही दाखवली नाही. पंपानंतर पण तेच झालं तेव्हा म्हणाला आता ईसीएम गेला, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सेकंडहँड मिळेल, २८ हजार. तिथे मात्र मी थांबलो. शहाणपणामुळे नाही, पैसेच नव्हते.

मेहुण्याने माशेलच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य, 'थंड गाडी माझ्याकडे आणू नका.' मग पणजीहून सरळ त्यांच्याकडे नेली, त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि चहा मागवला. म्हणाले, इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि बॉनेटखालची उष्णता सुरुवातीला कमी व्हायच्या ऐवजी वाढते, म्हणून पाच मिनिटं थांबलेली गाडी जास्त त्रास देते. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली. नाही झाली चालू! आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला मला.

काकांनी अजून एक नट सुद्धा खोलला नव्हता. आधी सेल्फचा आवाज ऐकला. म्हणाले सेल्फ जोरात फिरतोय ना, मग बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष, गरम झाल्यावर रडत-रडत फिरला असता तर तिकडे बघितलं असतं. म्हणजे माझे ८,७०० तिथेच पाण्यात. मग वास घेतला. पेट्रोलचा उग्र वास असता आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर चालू झाली असती तर इंजिनात पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे गळका इंजेक्टर किंवा कूलंट टेंपरेचरचा सेन्सर खोटं बोलतोय, इंजिन गरम असून थंड सांगतोय. तसं काही नव्हतं. मग चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ केली, दर वेळी पंप दोन सेकंद घुं करून प्रेशर भरतो, त्याने चालू झाली असती तर लाइनमधलं प्रेशर उतरतंय. तेही नाही. मग मला म्हणाले सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. काटा मेल्यासारखा शून्यावर. 'तो थोडा तरी हलायला पाहिजे, दोनशेच्या आसपास,' म्हणाले, 'क्रँक सेन्सर.'

क्रँक सेन्सर म्हणजे इंजिन फिरतंय की नाही आणि कुठल्या पोझिशनला आहे ते ईसीएमला सांगणारा. तो गप्प बसला की ईसीएमला वाटतं इंजिन फिरतच नाहीये, मग ना स्पार्क ना पेट्रोल. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली असते, गरम झाली की सुटते, थंड झाली की परत चिकटते. काकांनी ओलं फडकं त्या सेन्सरवर ठेवून वरून बाटलीतलं गार पाणी सोडलं, दोन-तीन मिनिटं, आणि गाडी चालू. आमच्याकडे जुने मेस्त्री गरम पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते आठवलं. नंतर मीटर पण लावला, गार असताना नऊशेच्या आसपास ओम, आणि परत गरम केल्यावर काहीच नाही, सर्किट ओपन. (हे दोन वायरींच्या सेन्सरचं, तीन वायरींच्या बहुतेक सेन्सरना ओम बघून काही कळत नाही असं त्यांनीच सांगितलं.) सेन्सर १,१५०, मजुरी ४००. पक्कं बिल, न मागता.

इथपर्यंत मला वाटत होतं गॅरेजवाला अडाणी आहे. मग काका म्हणाले पंप नवीन टाकलाय म्हणता, दाखवा. मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंपाचं झाकण तिथेच खाली आहे. झाकणावर बोटभर धूळ, स्क्रूच्या खाचा मातीने बुजलेल्या, आणि त्या धुळीत रुतून बसलेली वाळकी कांगलां (रानफळं) आणि एक सुपारी, मागच्या चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांचं, सामान मागच्या सीटवर टाकून आणलं होतं त्यातली. काका हसले, 'हाका कोणेंच हात लावंक ना.' म्हणजे याला कोणी हातच लावलेला नाही. मी मोबाईलवर फोटो काढले, सगळ्या बाजूंनी. हात थरथरत होते माझे.

फोटो घेऊन गॅरेजात गेलो. आधी आवाज चढवला, मग पोरांनी केलं असेल म्हणाला, मग शेजारच्या दुकानातून दोघं बघायला आले तेव्हा गल्ल्यातून ६,००० काढून हातात ठेवले. बाकीचं 'कामाचे लागले'. ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? कच्च्या चिठ्ठ्या आहेत, त्यावर ना गॅरेजचं नाव ना पार्ट नंबर. शेजाऱ्याला म्हणून सांगितलंय, पक्कं बिल घे, आणि गाडी बंद पडलेली समोर दाखवल्याशिवाय एक पार्ट बदलू देऊ नकोस.

आणि जुने पार्ट मागून घ्या असं सगळे सांगतात ना, मी मागितले होते! पंप बदलल्यावर त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळून एक जुना काळा पडलेला पंप दिला होता, मीच खूश होऊन घरी आणला. काकांना दाखवला तर त्याचा कनेक्टर चार पिनांचा, माझ्या गाडीचा पाच. तो पंप अजून आमच्या पडवीत आहे, कुणाच्या गाडीतला काय माहीत.