चार किलोची '१०० एएच लिथियम' आणि माझे २८,००० रुपये

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत मी २२ वर्षे काढली आहेत आणि कास्टिंग हातात घेऊन त्याचे वजन पाव किलोच्या फरकाने सांगणे हा माझा तिथला लौकिक आहे. हे आधीच सांगतो, कारण बॅटरी घेताना मी फसलो तो वजनातच.

जुन्या ओम्नीत गादी, घडीचे टेबल आणि लहान शेगडी बसवून आम्ही सुट्टीला आंबोली, गगनबावडा असे मुक्कामी फिरतो. रात्री गाणी ऐकताना इंजिनची बॅटरी उतरून सकाळी गाडी ढकलायची वेळ येऊ नये, म्हणून स्टिरिओला स्वतंत्र बॅटरी हवी होती. यात गैर काय होते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. शहरातील एका दुकानदाराने स्टिरिओ व चार स्पीकर ७,०००, १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी १८,०००, वायरिंग १,८०० आणि फिटिंग १,२०० असा २८,००० रुपयांचा हिशेब दिला. मी १०,००० मोबाईलवरून आणि १८,००० रोख दिले. पक्के बिल मागितले तेव्हा "अठरा टक्के वर पडतील" असे उत्तर आले आणि मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले. दुसऱ्या एकाने हीच बॅटरी १५,५०० ला सांगितली होती, तो मी मुद्दाम टाळला होता. म्हणजे मी केवळ स्वस्ताला भुललो असे कृपया कोणी म्हणू नये.

बॅटरी दुकानातून गाडीपर्यंत मीच नेली, एका हाताने, दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन. तो क्षण मला अजून झोपू देत नाही. या क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट (अशा कामाला वापरतात त्या प्रकारची लिथियम) बॅटरी दहा-बारा किलोंची असते आणि तेवढीच शिशाची पंचवीस किलोंच्या पुढे जाते, हे मी आदल्या आठवड्यात स्वतः वाचले होते. हाताला फरक कळला, मी थांबलोही आणि विचारले, तर तो हसत म्हणाला, "लिथियम हाय न्हवं सायेब, हलकंच असतंय की!" आणि मी मान डोलावली. एवढेच नव्हे, तर घरी येऊन मेहुण्याला लिथियम हलके का असते, यावर दहा मिनिटे व्याख्यान दिले. घरी वजनकाटा होता. बॅटरी काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.

गगनबावड्याच्या पहिल्याच मुक्कामी स्टिरिओ १ तास २० मिनिटांत बंद पडला. सरासरी ५ अँपिअर ओढणाऱ्या स्टिरिओला १०० एएचची बॅटरी वीस तास पुरायला हवी; मला मिळाली ती जेमतेम ७ एएच. कारखान्यातील इलेक्ट्रिशियनने काट्यावर ठेवली, तर ४ किलो १५० ग्रॅम. उघडली तेव्हा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वेल्डिंगचे व्रण असलेले ३६ सेल आणि उरलेल्या जागेत थर्माकोल निघाला. पूर्ण चार्ज झाल्यावरही मीटरवर १२.४ व्होल्ट दिसत होते, तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण खरी फॉस्फेट बॅटरी चार्ज होऊन स्थिरावल्यावर १३.३ च्या आसपास असते. तांब्याची म्हणून दिलेली वायर आतून अ‍ॅल्युमिनियमची होती आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. शॉर्ट झाला असता तर गादीवर झोपलेल्या मुलांचे काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. स्टिरिओच्या खोक्यावरील '४००० वॅट'लाही भुलू नका: मागे १५ अँपिअरचा फ्यूज आहे, म्हणजे दोनशे वॅटच्या पुढे तो मुळात ओढूच शकत नाही.

दुकानदार म्हणाला, "उघडली ना, वॉरंटी गेली." न उघडता थर्माकोल कसा दाखवायचा, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. तुम्ही मात्र उघडताना सलग व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

पोलीस चौकीत मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जावा" असा सल्ला मिळाला, तिसऱ्यांदा पुरावा फक्त १०,००० चा आहे, बाकीचे १८,००० कशावरून दिले, असे मलाच विचारण्यात आले, जणू गुन्हा मीच केला होता. चौथ्यांदा एका हवालदाराने डबा हातात घेऊन "एवढी हलकी हाय, तवाच कळलं न्हाई व्हय?" असे विचारले आणि सगळी चौकी हसली. जुने सेल डब्यात भरून नवी बॅटरी म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही तर काय आहे? तक्रार घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, हे मला चौकीत कोणी सांगितले नाही. शेजारच्या निवृत्त कारकुनांनी सांगितले.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकीलही सक्तीचा नाही. डबा पुरावा म्हणून माळ्यावर ठेवला आहे. परवा भंगारवाल्याने उचलून पाहिला आणि रिकामाच समजून खाली ठेवला.