पीटमधल्या अननसाला खत: बुंध्याशी की पानांवर?

मलेशियात जोहोरच्या पोंतियान भागात अननस पीटवर पिकतो. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याचा थर. सामू (pH) 3 ते 4 च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल, पाणी भरपूर, पण खनिज माती जवळपास नाहीच. बरीच पिकं इथे नांगी टाकतात. अननस आम्लता सहन करतो, भूक मात्र त्यालाही लागतेच.

दाणेदार खत बुंध्याशी टाकणं सोपं. एकदा टाकलं की काही आठवडे निवांत. रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) देणारी खडकाची भुकटी, तर या आंबट मातीत छान विरघळतं. अडचण पालाशची (पोटॅशची): पीट त्याला धरून ठेवत नाही, जोराचा पाऊस आला की खत थेट चरात. म्हणून एकदम मोठा डोस देण्यापेक्षा हप्ते पाडलेले बरे.

फवारणीची खरी गंमत अननसाच्या रचनेत आहे. पानांचा घेर म्हणजे नरसाळंच. द्रावण बेचक्यात साचतं आणि तिथली पानं, मुळं ते शोषतात. तांबं आणि जस्त तर पानांवाटेच द्यावं, कारण पीट तांब्याला इतकं घट्ट पकडतं की मुळांच्या वाट्याला फारसं येत नाही. तांब्यासाठी वापरायचं मोरचूद (कॉपर सल्फेट) जपून, जास्त झालं की पानं करपतात. युरियाही कमी बायुरेटचाच घ्यावा; बायुरेट ही युरियातली पानांना अपायकारक अशुद्धी. मजुरी वाढते, हे आहेच.

माझं मत विचाराल तर स्फुरद जमिनीतून, सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारणीतून. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश दोन्हीकडून, पण पावसाळ्यात फवारणीकडे झुकतं माप.