टायमिंगची गोळी, फवारा, व्यायाम की पुडी?

संध्याकाळी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून माणूस आत येतो. आधी डोकेदुखीच्या गोळ्या मागतो. पैसे देता देता आवाज खाली आणतो, "टायमिंगचं काय हाय काय?" बेळगावात मेडिकलच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न, म्हणजे संबंधात लवकर वीर्य जातं त्यावर काही औषध आहे का, मराठीत, कन्नडमध्ये आणि नुसत्या खुणेनंही ऐकलाय. चंदगडचे लोक तो विचारायला बेळगावला येतात, बेळगावचे कोल्हापूर गाठतात. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढ्यासाठी एसटीचं तिकीट.

काय घ्यावं हे ठरवण्याआधी आपल्याला नक्की शीघ्रपतन आहे का, ते बघा. आत शिरल्यापासून वीर्य जाईपर्यंत किती वेळ लागतो, याचे पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलेले आकडे २००५ साली प्रसिद्ध झाले. मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्म्यांचा वेळ त्याहून कमीच. मोबाईलवर अर्धा तास बघून आलेला पोरगा मला "माझं पाचच मिनिटं" म्हणून सांगतो, तेव्हा त्याला काहीही विकायचं नसतं. गोव्यात कामाला असलेला माणूस पंधरा दिवसांनी घरी येतो आणि पहिल्या रात्री लवकर आटोपतं, तोही आजार नव्हे. डॉक्टर शीघ्रपतन म्हणतात ते तीन गोष्टी जमल्या तर: वेळ फार थोडा, थोपवणं हातात नाही, आणि त्याचा दोघांना किंवा एकाला त्रास.

त्यातही दोन जाती. पहिल्या अनुभवापासून नेहमीच साधारण मिनिटाच्या आत होतं, ती जन्माची सवय म्हणा. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी तिचा संबंध मानतात. त्यात पौरुष कमी असण्याचा प्रश्न नाही, आणि लहानपणच्या "चुकां"चाही नाही. दुसरी जात म्हणजे आधी सगळं नीट होतं आणि आता तीन मिनिटांच्या आत आलं. इथं मी कुणालाही थेट गोळी देणार नाही. थायरॉईड वाढलेला असू शकतो (हात थरथरतात, वजन उतरतं, छाती धडधडते), प्रोस्टेटला (मूत्राशयाखालच्या ग्रंथीला) सूज असू शकते, किंवा ताठरता टिकत नाही म्हणून माणूस आपसूक घाई करत असतो. या तिसऱ्याच्या मागं बऱ्याचदा शुगर निघते. मूळ दुखणं आवरलं की पुष्कळांचं टायमिंगही सुधारतं. नुसती टायमिंगची गोळी घेत राहिलं तर शुगर तशीच आत वाढत बसते.

आता पर्याय.

फवारा किंवा मलम मला पहिली पायरी म्हणून बरं वाटतं. लिडोकेन हे बधिर करणारं औषध, बहुतेकदा तसल्याच प्रायलोकेनबरोबर, शिश्नाच्या टोकाला लावायचं; त्यानं संवेदना थोडी बोथट होते. पोटात काही जात नाही, हा मोठा फायदा. घोळ होतो तो वापरण्यात. एकानं लावलं आणि लगेच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला, "मला कायबी झालं न्हाई, बायकोलाच बधिर झालं की!" मलमाला साधारण १० ते २० मिनिटं द्यायची, मग पुसून किंवा धुवून काढायचं, नाहीतर कंडोम घालायचा. फवाऱ्याची वेळ डब्यावर बघून घ्या. जास्त लावलं तर आपलंच ताठरपण जातं. ज्याला आधीच ताठरतेची अडचण आहे त्यानं या वाटेला जाऊ नये. मलम-फवाऱ्याचं काम त्या रात्रीपुरतं. सवय काही बदलत नाही.

गरजेपुरती गोळी म्हणजे डॅपोक्सेटिन. ३० मिलिग्रॅमपासून सुरुवात, संबंधाआधी १ ते ३ तास, भरपूर पाण्याबरोबर, २४ तासांत एकच. किती फरक पडतो? २००६ साली आलेल्या मोठ्या चाचण्यांत सरासरी सुमारे ०.९ मिनिटावरून ३० मिलिग्रॅमवाले २.७८ मिनिटांवर गेले, ६० वाले ३.३२ वर. गंमत अशी की ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती तेही १.७५ वर पोचले. म्हणजे गोळी काम करते, पण भिंतीवरच्या जाहिरातीतल्यासारखं नाही. आणि निम्मी लढाई मनातली आहे. मळमळ, चक्कर, डोकेदुखी होऊ शकते, क्वचित कुणी उभ्या उभ्या कोसळतो. गोळीवर दारू तर नकोच. हृदयाचा आजार असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ही घेऊ नये. म्हणून चिठ्ठी मागतो, हट्ट म्हणून नव्हे.

रोजची गोळी, म्हणजे पॅरोक्सेटिन किंवा सर्ट्रालीनसारखी, मुळात नैराश्याची. जन्माची सवय असलेल्यांत ती चांगली लागू पडते, पण पूर्ण परिणामाला दोन-तीन आठवडे जातात आणि ती अचानक बंद करता येत नाही. इच्छा मंदावू शकते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, वीर्यावर परिणाम होऊ शकतो. महिन्यातून दोनदा घरी येणाऱ्याला ही कशाला, त्याला गरजेपुरतीच पुरे.

व्यायामाला कुणी पैसे देत नाही म्हणून त्याची जाहिरातही नाही. लघवी मध्येच अडवताना जो स्नायू आवळतो तो ओळखायचा, आणि एरवी बसल्या जागी आवळायचा-सोडायचा. निपाणीच्या बसमध्येही जमतं, शेजारच्याला कळत नाही. इटलीत ४० पुरुषांकडून १२ आठवडे फिजिओथेरपीत हे करून घेतलं, त्यांतल्या ३३ जणांना ताबा आला. जोडीला थांबून-थांबून करण्याची १९५६ पासूनची रीत: अगदी टोकाला येण्याआधी थांबायचं, उतरू द्यायचं, पुन्हा. याला बायको बरोबर हवी, आणि तिला आधी सांगायला हवं. आपल्याकडं अडतं ते इथंच. एकत्र कुटुंबाच्या घरात, भिंतीपलीकडं आई-वडील झोपलेले, तिथं "थांब जरा" म्हणणंही अवघड.

पुडीबद्दल थोडक्यात. बाजारात, बसस्टँडच्या भिंतीवर "शर्तिया इलाज, धातुरोग" लिहिलेलं असतं तिकडं जाऊ नका. वीर्य गेलं म्हणून शरीर खचत नाही. धात जाण्याची भीतीच माणसाला खाते. शीघ्रपतन बरं करतो असा दावा औषधाला लावता येत नाही, औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ते नाव आहे. जडीबुटीच्या नावाखाली विकलेल्या भुकटीत चोरून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडतं. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ते खाल्लं तर रक्तदाब एकदम कोसळतो. आमच्याकडच्या एका मामांना पुडीनंतर घेरी आली होती. नशीब, मुलगा घरात होता.

मला विचाराल तर: जन्माची सवय असेल तर फवारा आणि व्यायाम दोन-तीन महिने एकत्र, तेवढ्यानं नाही भागलं तर डॉक्टरकडून गोळी. नव्यानं सुरू झालं असेल तर आधी शुगर आणि थायरॉईडची तपासणी, बाकी नंतर. मन फारच खात असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही, फुकट.

आणि मोठ्या दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर, मागं रांग उभी असताना, आजाराचं नाव सांगावं लागत नाही. "स्किन" किंवा "युरॉलॉजी" एवढं म्हटलं की चिठ्ठी मिळते. बाकीचं आत, दार लावल्यावर.