वेल्थ की प्रॉस्पेरिटी?
आपण दोन्हीचा अर्थ सरसकट पैसा असाच धरतो, पण मुळं बघा. वेल्थ अस्सल इंग्रजी, 'वील' म्हणजे भलं, कल्याण, त्यावरून हेल्थच्या चालीवर बनलेला, आधी सुख आणि पैसा दोन्हीला चालायचा मग हळूहळू सुख गळालं अन् पैसा उरला. कॉमनवेल्थमध्ये मात्र जुना अर्थ अजून शाबूत, तिजोरी नाही, सगळ्यांचं भलं! प्रॉस्पेरिटी लॅटिनची, फ्रेंचमार्गे आलेली, 'प्रॉस्पेरस' म्हणजे अनुकूल, मनासारखं होणारं. म्हणून वेल्थ मोजता येते, तिच्यावर टॅक्सही लागतो (आपल्याकडचा २०१५च्या बजेटमध्ये रद्द झाला), प्रॉस्पेरिटीवर कोण लावणार? दिवाळीच्या मेसेजमध्ये तरी मी प्रॉस्पेरिटीच टाकतो, वेल्थ लिहिलं की एलआयसी एजंटचा मेसेज वाटतो राव.