घरी येऊन भाडेकरार करून देणारी सर्व्हिस, रत्नागिरी : ५ पैकी साडेतीन

सर्व्हिसचं नाव लिहीत नाही, एक पोरगा आणि त्याचा मेहुणा असा दोन माणसांचा धंदा आहे आणि खाली मी थोडं कडकच लिहिणार आहे. काम नेहमीचंच, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतात, सरकारच्या ई-रजिस्ट्रेशनवर लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरत्या राहायच्या परवानगीचा करार) भरतात, दोन साक्षीदारांचे पण अंगठे घेतात की झालं. त्यांची फी १५०० आणि वर सरकारी खर्च.

आमचं घर नाचण्याला, रत्नागिरीला लागूनच. खाली आई आणि आम्ही, वर वडिलांनी रिटायर झाल्यावर दोन खोल्या आणि किचन काढलेलं. एवढीच आमची इस्टेट, घरमालक म्हणायची पण लाज वाटते. वडील असेपर्यंत भाडेकरार म्हणजे स्टॅम्प पेपरवर ११ महिन्यांचा आणि नोटरीचा शिक्का, बस. मागच्या भाडेकरूने दोन लाईट बिलं तशीच ठेवून खोली सोडली (मीटर अजून वडिलांच्या नावावर, म्हणजे महावितरणला आम्हीच दिसणार) तेव्हा मी तो कागद घेऊन एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो तर ते हसले. म्हणाले ११ महिने असो की ११ दिवस, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच आणि ती जबाबदारी भाडेकरूची नाही, मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर भांडण झालंच तर अटी काय ठरलेल्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरून चालतात. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या शिक्क्याला नुसता नमस्कार करत होतो.

आता नवीन भाडेकरू म्हणजे घाटावरचे शिक्षक, सर आणि मॅडम, लहान मुलगी, माणसं चांगली. तरी आईचं एकच, "कूळ लागलं तर?" तिलाही दोष नाही, आजोबांची भातजमीन कूळ कायद्यात गेली आणि कसणारी कुळंच मालक झाली ती १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्याकडे वाढदिवसासारखी पाठ आहे. तिला दहा वेळा सांगितलं की तो कायदा कसायच्या जमिनीचा, वरच्या खोलीत सर काय भात लावणारेत का. पटलं नाही. इथे त्या पोराला पूर्ण मार्क. त्याने लॅपटॉप बाजूला ठेवला, चहा घेतला आणि तिला म्हणाला, "काकू, हे भाडेपट्टा नाय ओ, नुसती राहायची परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली, नाय सोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट पैसे द्यायला लागतात." दुप्पट ऐकल्यावर आई गप्प.

अंगठ्याचा प्रकार मात्र ऐका. जन्मभर नारळ सोलून आणि भांडी घासून आईच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. मशीन सारखं नाही म्हणतंय, हा पुसतोय, गरम पाण्यात बुडव, टॉवेलने पूस, परत दाब, त्यात जुलैचा पाऊस आणि लाईट दोनदा गेली. आई म्हणते, "आता माझा आंगठा पण माझा र्‍हायला नाय." नववा की दहावा प्रयत्न असेल तेव्हा लागला. पोरगा एकदाही वैतागला नाही. घरपट्टीवर आईबरोबर भावाचं पण नाव आहे आणि तो डोंबिवलीला, मला वाटलेलं आता गणपतीत तो येईपर्यंत थांबायला लागणार, पण सगळ्यांनी एका जागी बसायची गरज नसते, याच्या तिकडच्या ओळखीच्या माणसाने भावाच्या घरी जाऊन अंगठा घेतला. त्याचे ३०० वेगळे लागले आणि ते आधी सांगितले नव्हते, ते सोडा.

सोडायची नाही ती गोष्ट म्हणजे त्याचा हिशोब. करार तीन वर्षांचा, भाडं ८०००, मग ८५००, मग ९०००, डिपॉझिट ३०,०००. तीन वर्षांचं भाडं होतं ३,०६,०००, डिपॉझिटवर १० टक्क्याने तीन वर्षांचं व्याज धरायचं ९०००, एकूण ३,१५,००० आणि त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी म्हणजे साधारण ८०० रुपये. हे बरोबर केलं. पण रजिस्ट्रेशन फी शहराची १००० लावली. नाचणे ग्रामपंचायत आहे ओ, इथे ५००. मी बोललो तेव्हा म्हणे "दादा, पत्त्यात रत्नागिरी आहे ना". अख्ख्या जिल्ह्याच्या पत्त्यात रत्नागिरी आहे! पैसे परत दिले पण ड्राफ्ट परत भरायला लागला आणि तीन दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं.

आणि दुसरं, करार वाचून सही करा, प्लीज. याचा मसुदा सरळसरळ मुंबईच्या फ्लॅटचा. लिफ्ट वापरायचे नियम, सोसायटीचा मेंटेनन्स, पार्किंगचा नंबर, आमच्याकडे पार्किंग म्हणजे फणसाखाली स्कूटर. उलट इथे ज्याच्यावरून खरी भांडणं होतात त्याचा एक शब्द नाही. विहिरीचा पंप जळला तर कोणी भरायचं, मे महिन्यात पन्हळ कोणी साफ करायची, चिर्‍याच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरली तर ते भाडेकरूने केलेलं नुकसान की पावसाने, खार्‍या हवेने ग्रिल गंजली तर रंग कोणाचा. मागच्या वेळी ओलीवरूनच वाजलं होतं, तो म्हणे तुमची भिंत गळते, मी म्हणे तुम्ही चार महिने खिडक्या बंद करून आत कपडे वाळवता. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. पोरगा आधी म्हणाला "फॉरमॅटमध्ये बसत नाही दादा", मग मीच त्याच्या शेजारी बसून इतर अटींमध्ये सहा ओळी टाईप करून घेतल्या. ओल आणि पन्हळ माझ्याकडे, खिडक्या उघडायची जबाबदारी त्यांची, पंपाची दुरुस्ती ५०० पर्यंत सरांची आणि त्याच्यावर गेली तर पूर्ण माझी. सरांनी पण खुशीत मान डोलावली.

पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायचं काम "सगळं आम्ही करतो" मध्ये येत नाही हे पण नंतर कळलं, ते मीच ऑनलाईन भरलं. इंडेक्स टू (करार रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा) मात्र मेलवर नीट आला.

एवढ्यासाठी दीड मार्क कापला, पण पुढच्या वेळी बोलवेन यालाच, आईच्या अंगठ्याची सवय झालीये त्याला. आणि परवा पंप बंद पडला. सरांनी वाडीतल्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं, बिल झालं ५२०.