पंचेश्वरचा फिशिंग कॅम्प: गळ न टाकणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेतून

उत्तराखंडात सरयू महाकालीला मिळते त्या संगमाजवळ तंबू ठोकून बसलेल्या मित्रांना भेटायला जाणार असाल, तर वेळ सांभाळा. पहाट आणि संध्याकाळ त्यांची नदीवर जाते. गप्पा मारायच्या त्या दुपारी बारा ते चार.

टनकपूरपर्यंत रेल्वे आहे. तिथून लोहाघाट साधारण 90 किलोमीटर आणि पुढे नदीपर्यंत आणखी 40. या शेवटच्या 40 किलोमीटरला दोन तास धरा, अंधारात तर उतरूच नका. लोहाघाट 1,700 मीटरवर आणि नदीकाठ 500च्याही खाली, त्यामुळे वर स्वेटर, खाली घाम. पलीकडे नेपाळ असल्याने ओळखपत्र खिशात हवंच. फोन तिकडच्या टॉवरला चिकटला की घड्याळ 15 मिनिटं पुढे पळतं, शिवाय रोमिंग लागतं. तारीख-वेळ आपोआप बदलण्याची सेटिंग बंद करून ठेवा.

तंबू ठीकठाक. चेनमध्ये वाळू अडकली की ओढू नका, आधी जुन्या टूथब्रशने झटका, नाहीतर दाते निसटतात. गरम पाणी बादलीने मिळतं. जेवणात भट्टाची चुडकाणी (काळ्या सोयाबीनची रस्सेदार भाजी), भात आणि मंडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीचीच, रोटी असेल तर पोट खूश. ताटात महाशीर मात्र मागू नका. तो राज्याचा मासा आहे, संकटग्रस्त यादीतला. धरून सोडायचा, एवढंच. आपल्याकडे लोणावळ्यात टाटा पॉवर ज्याची पिल्लं वाढवतं ती महाशीरची खुद्री जात; इथली सोनेरी पुटिटोरा.

कॅम्पची खरी पारख गळावर होते. चमच्याला (माशाला भुलवणाऱ्या धातूच्या चकचकीत पत्रीला) लावलेला तीन टोकांचा बारीक गळ हा मासा ओठांत दाबून चपटा करतो (दात जबड्यात नसतात, घशात असतात). म्हणून जाड तारेचा, टोकाला उलटा काटा नसलेला एकेरी गळ आणि 200 मीटर दोरी मावेल असं रीळ हवं. गळाला लागलेल्या माशाच्या पहिल्या धावेत रिळाचा ब्रेक आवळला की दोरी ताणून तुटते. मासा पाण्याबाहेर न काढता, ओल्या हातांनी, गाठी नसलेल्या जाळीत गळ सोडवणारा गिली (मासेमारीतला मदतनीस वाटाड्या) असेल तर पैसे वसूल. फोटोसाठी जबड्याला धरून उचलत असतील तर पुढच्या वेळी दुसरा कॅम्प बघा.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस बरे. बर्फ वितळायला लागलं की काली (म्हणजे महाकालीच) गढूळ होते, सरयू त्या मानाने नितळ राहते आणि संगमावर दोन रंग वेगळे दिसतात. बघायला छान, पोहायला नाही. काठाचे दगडही शेवाळाने निसरडे असतात. पट्ट्याच्या सँडल आणा, पांढरा शर्ट घरीच ठेवा, कारण उथळ पाण्यात मासा सावलीलाही बिचकतो.

येण्याआधी दोन दिवस कळवा. भाजी, दूध, गॅस सगळं लोहाघाटहून येतं. अचानक आलेल्या चार माणसांना डाळीत पाणी वाढवूनच जेवायला मिळतं.